दहा ग्रॅमचा धागा

मावशीच्या डाव्या पायातली चप्पल रस्त्यात निसटली आणि मावशी तशीच पुढे चालत राहिली. एस.टी. स्टँडपासून घर अर्धा किलोमीटर. मे महिना, दुपारचं डांबर. दारात पाय धुवायला वाकली तेव्हा नातवाने विचारलं, "आजी, एकच चप्पल?" तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं. तळव्यावर रुपयाएवढा फोड उठला होता. तोही तिला कळला नव्हता.

या घटनेच्या चार महिने आधी तिचा फोन आला होता. आवाजात उत्साह मावत नव्हता. "अगं, पायाच्या मुंग्या गेल्या बघ पार. आणि ती रात्रीची आगही गेली. ते चूर्ण लागू पडलं." शेजारच्या गावातल्या एका औषधवाल्याकडून तिने डबा आणला होता. त्यावर हळद, मेथी, गुळवेल, गुडमार अशी नावं होती आणि 'नसांचे रक्षण' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. सतरा वर्षांचा मधुमेह, त्यातली चार वर्षं पाय चादरीबाहेर काढून, पंख्याखाली धरून झोपणारी बाई. तिला बरं वाटतंय म्हटल्यावर आम्ही सगळे खूश झालो. मीही झाले. आणखी दोन डबे आणायला पैसे मीच पाठवले. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना शहाणपणाचा आव आणता येणार नाही.

फोड चिघळला, तेव्हा तिला पुण्यात आणलं. मधुमेहींच्या पायांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावर ओळीने माणसं बसलेली, निम्म्यांच्या एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायाला पांढरी पट्टी. आत तरुण डॉक्टर बाईंनी टूथब्रशसारख्या दांड्यातून एक जाडसर नायलॉनचा धागा बाहेर काढला. "मावशी, डोळे मिटून घ्या. पायाला काही टेकल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणा."

धागा अंगठ्याखाली टेकला, धनुष्यासारखा वाकला, उचलला गेला. मावशी गप्प. करंगळीखाली टेकला. गप्प. चवड्यावर, तळव्याच्या मध्यावर, टाचेवर. डाव्या पायाच्या दहा जागांपैकी तीन ठिकाणी 'हो' आलं. दोनदा धागा कुठेच टेकलेला नसतानाही तिने 'हो' म्हटलं. परीक्षा आहे, नापास होऊ नये, म्हणून.

हा धागा दहा ग्रॅमचा भार पडला की वाकतो. एवढाही दाब ज्याला कळत नाही, त्याच्या पायाला राखणदार उरलेला नाही असं समजायचं. धाग्यांनी स्पर्श मोजण्याची युक्ती जुनी आहे, पण पायासाठी हा दहा ग्रॅमचा उंबरठा नक्की झाला तो अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात. बर्क आणि सिम्स या दोघांनी 1986 मध्ये कुष्ठरोगी आणि मधुमेही, दोघांचेही पाय तपासले. ज्यांच्या तळव्याला जखमा झाल्या होत्या त्यांना हा धागा कळत नव्हता. त्याच रुग्णालयात 1966 पासून पॉल ब्रँड काम करत होते, आणि तिथे जाण्यापूर्वीची त्यांची कितीतरी वर्षं तामिळनाडूतल्या वेल्लोरला गेली होती. कुष्ठरोग्याची बोटं जंतू खात नाहीत. वेदना नसल्यामुळे रोजच्या लहानसहान इजांनी ती झिजतात, हे ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं. आनंदवनाच्या महाराष्ट्राला हे नवं नाही. मऊ रबराच्या एम.सी.आर. चपला आपण कुष्ठरोग्यांच्या पायांत पाहिल्या आहेत. मावशीला त्या दिवशी त्याच चपला लिहून दिल्या.

डॉक्टर बाईंना मी चूर्णाबद्दल विचारलं. मुंग्या आणि आग थांबली होती, ती कशाने? त्यांनी हातातला धागा परत दांड्यात सरकवला. "थांबली ना. आता तिथे दुखायलाही काही शिल्लक नाही."

मी हा लेख लिहायला घेतला तो या एका वाक्यामुळे.

पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचणारा चेतातंतू निघतो कमरेच्या मणक्यांजवळच्या एका पेशीतून. म्हणजे एकाच पेशीचा हात जवळजवळ मीटरभर लांब. त्याच्या टोकाला लागणारं सगळं सामान, प्रथिनं, डागडुजीचा माल, त्या मूळ पेशीतून वाहून न्यावं लागतं. टँकर तालुक्यातून निघाला की शेवटच्या वाडीला पाणी सर्वांत उशिरा मिळतं आणि टंचाई आधी तिथेच पडते, तसंच इथे. म्हणून मधुमेहात बधिरता बोटांच्या टोकापासून सुरू होते आणि मोजा चढवावा तशी वर सरकते. गुडघ्याजवळ आली की हातांच्या बोटांचा नंबर लागतो.

टंचाई का पडते? चेतापेशीत साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. रक्तात जास्त झाली की आतही जास्त होते. अल्डोज रिडक्टेज नावाचं विकर त्या जादा साखरेचं सॉर्बिटॉल करतं, आणि हे करताना पेशीची गंज रोखणारी शिल्लक खर्ची पडते. शिवाय साखर प्रथिनांना चिकटून त्यांना निकामी करते. नसांना रक्त पुरवणाऱ्या केसापेक्षा बारीक वाहिन्या जाड होऊन तुंबतात. हे सगळं एकाच वेळी आणि वर्षानुवर्षं चालतं. मरणारा तंतू आधी चुकीचे निरोप पाठवतो: मुंग्या, सुया, आग, चादरीचा स्पर्शही सहन न होणं. मग निरोप थांबतात. दुखणं गेलं याचे अर्थ दोन होऊ शकतात, तंतू सावरला किंवा तंतू संपला. घरबसल्या माणसाला या दोहोंत फरक कळत नाही. 'मुंग्या गेल्या' हे वाक्य चूर्णाच्या डब्यावर छापायला म्हणूनच इतकं सोपं आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले: देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही. मधुमेहींपैकी साधारण निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी नसांचा त्रास होतो असं धरलं जातं. केवढी मोठी बाजारपेठ आहे, ते यावरून कळावं.

जुन्या पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मी दोन सकाळी बसले. पोत्यांच्या ओळी, प्रत्येकावर पुठ्ठ्याची पाटी, हवेत हिरड्याचा तुरट वास. मालक तिसऱ्या पिढीचे. गिऱ्हाईक 'शुगरचं काहीतरी' मागतं, ते हात लांबवून पुड्या बांधतात. बेडकीचा पाला, म्हणजे गुडमार. जिभेवर चावला की पुढची पंधरा-वीस मिनिटं साखर वाळूसारखी लागते, मी करून पाहिलं. बिबळ्याच्या लाकडाचा पेला, रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी तांबूस झालेलं प्यायचं. उन्हात धरलं तर त्यात निळी झाक दिसते. जांभळाच्या बिया, कडू किरायतं, मेथी. "नसांसाठी वेगळं काय देता?" मी विचारलं. मालक हसले. "ताई, नसांसाठी अश्वगंधा सांगतात, ब्राह्मी सांगतात. आम्ही देतो. बरं होतं का ते वैद्यांना विचारा."

त्यांच्या या उत्तराइतका प्रामाणिकपणा मला नंतर बऱ्याच छापील माहितीपत्रकांत आढळला नाही.

आयुर्वेदाला ही व्यथा ठाऊक नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वरूपं सांगताना हातापायांची बधिरता आणि दाह यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लघवीला मुंग्या लागतात हे ज्यांनी टिपलं, त्यांनी पायाच्या मुंग्याही टिपल्या. वाग्भटाने सांगितलेली हळद आणि आवळ्याची जोडी, निशा-आमलकी, आजही वैद्य देतात. निरीक्षण पक्कं आहे. प्रश्न निरीक्षणाचा नाही, गुण किती आणि कोणत्या गोष्टीत येतो याचा आहे. बिबळ्याचंच घ्या. आयुर्विज्ञान परिषदेने चार केंद्रांत 97 नव्या मधुमेहींना बिबळ्याचा अर्क दिला. 1998 साली छापलेल्या निष्कर्षानुसार त्यातल्या 67 जणांची साखर आटोक्यात आली. चाचणी खुली होती, तुलनेला दुसरा गट नव्हता. तरीही ती दखल घेण्याजोगी आहे. पण ती साखरेची चाचणी होती. नसांबद्दल तिने काही सांगितलं नाही, आणि बिबळ्याचा पेला विकणारा मात्र हमखास सांगतो.

मग नसांचं संशोधन होतं कुठे? बहुतेक सगळं उंदरांवर. नेमकं म्हणायचं तर घुशीच्या जातकुळीतल्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या रॅटवर, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्याकडच्याच औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत. एम.फार्म.च्या प्रबंधासाठी हा विषय वर्षानुवर्षं लोकप्रिय आहे. एका महाविद्यालयाच्या प्राणिगृहात मी तो प्रयोग जवळून पाहिला.

उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देतात. मातीतल्या एका जीवाणूपासून मिळालेलं हे रसायन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. दोनतीन दिवसांत उंदीर मधुमेही. काही आठवड्यांनी त्याच्या पंजाला बारीक तारा टोचून पाहतात, कितव्या तारेला पंजा उचलतो. 55 अंशांच्या तापत्या पत्र्यावर ठेवून किती सेकंदांत पंजा चाटतो ते मोजतात. शेपटी गरम पाण्यात बुडवतात. काही गटांना रोज वनस्पतीचा अर्क पाजलेला असतो. शेवटी पायाची नस काढून त्यातली गंज, दाह, सूज मोजतात. अर्क पाजलेल्या उंदरांचे आकडे बहुधा बरे येतात. हळदीतलं कर्क्युमिन, मेथी, आवळा, अश्वगंधा, ब्राह्मी, कांद्यातलं क्वेर्सेटिन: यादी लांबलचक आहे. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीतल्या संशोधकांनी 2012 मध्ये नॅरिंजिनवर असाच निबंध प्रसिद्ध केला. कोकणातल्या परसात लोंबणारं पपनस ज्या कुळातलं, त्या फळांतला हा कडवट घटक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत हळदीने उंदरांचा मोतीबिंदू लांबल्याचं दिसलं. मोतीबिंदू म्हणजे नसांच्या आजाराचा चुलतभाऊच, सॉर्बिटॉलची वाट दोघांनाही सारखीच.

मला हे काम हिणवायचं नाही. तिथली एम.फार्म.ची मुलगी दिवाळीच्या सुट्टीतही उंदरांना अर्क पाजायला येणार होती. रविवार चुकला तर प्रयोग फुकट. पण या प्रयोगात काय मोजलं जातं ते समजून घ्यावं लागतं. उंदराच्या पायाची नस काही सेंटिमीटरची, आपली मीटरभर. उंदराचा मधुमेह आठ-दहा आठवड्यांचा, मावशीचा सतरा वर्षांचा. अर्क बहुतेक वेळा नसा बिघडायच्या आधी किंवा नुकत्या बिघडल्या असताना सुरू होतो, मावशीने डबा आणला तेव्हा वाडीला पाणी बंद होऊन जमाना झाला होता. शिवाय पहिल्या टप्प्यात उंदराचा पंजा जास्त हुळहुळा होतो, म्हणून 'वेदना कमी' हेच यश ठरतं. माणसाला जखम होते ती वेदना गेल्यावर.

आणि मात्रा? उंदराला दर किलो वजनामागे 200 मिलिग्रॅम अर्क, हा अशा निबंधांतला नेहमीचा आकडा. माणसासाठी तो साधारण 6.2 ने भागतात. साठ किलोच्या माणसाला रोज दोन ग्रॅमच्या आसपास शुद्ध अर्क लागेल. वाळलेल्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर वीस ग्रॅम पाला, रोज. मावशीच्या डब्यावर लिहिलं होतं, 'अर्धा चमचा, सकाळ-संध्याकाळ', आणि त्या अर्ध्या चमच्यात अकरा वनस्पती होत्या.

उंदरावर चाललेलं माणसावर न चालण्याचा इतिहास तर कंपन्यांच्या औषधांनीही भोगला आहे. अल्डोज रिडक्टेजला अडवणाऱ्या गोळ्या ही एके काळी केवढी मोठी आशा होती. उंदरांच्या नसा त्यांनी छान वाचवल्या. माणसांत एकामागून एक पडल्या. टॉलरेस्टॅट तर यकृताला इजा करते म्हणून बाजारातून काढावी लागली. एपलरेस्टॅट तेवढी जपानमध्ये 1992 पासून तग धरून आहे, आपल्याकडेही लिहून दिली जाते, पण जगभराने तिला मान्यता दिलेली नाही. प्रयोगशाळेत तावून सुलाखून घेतलेल्या, एकच रेणू असलेल्या गोळ्यांची ही गत, तिथे अकरा वनस्पतींच्या मिश्रणाने काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

तरी माणसांवर वनस्पतींच्या चाचण्या झालेल्या आहेत, आणि त्या वाचताना मी मधूनमधून हरखलेही. ईव्हनिंग प्रिमरोज नावाच्या पिवळ्या फुलाच्या बियांच्या तेलातलं गॅमा-लिनोलेनिक आम्ल 111 रुग्णांपैकी काहींना वर्षभर दिलं, काहींना खोटं औषध. 1993 मध्ये छापलेल्या त्या चाचणीत नसांच्या मोजमापांत खरोखर सुधारणा दिसली. नसांमधून निरोप जाण्याचा वेगही सुधारला. या पिकाला पुढे कणीस धरलं नाही. तेलाला नसांसाठी मान्यता मिळाली नाही. इराणमध्ये इंद्रायणाच्या, आपण ज्याला कडू वृंदावन म्हणतो त्याच्या, फळाचं तेल 60 रुग्णांच्या पायांना तीन महिने चोळलं. वेदना खोट्या तेलापेक्षा जास्त घटली. (हे फळ पोटात घेऊ नये. जुलाब रक्ताचे होतात.) इराणमध्येच 2019 साली सूक्ष्मकणी कर्क्युमिन 80 जणांना आठ आठवडे दिल्यावर लक्षणांचे गुण सुधारले. उलट डेन्मार्कमध्ये सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली नावाजलेली वनस्पती 2001 मध्ये नसांच्या वेदनेवर खोट्या गोळीपेक्षा वरचढ ठरली नाही.

चीनमध्ये तर अशा चाचण्यांचा डोंगर आहे. कॉक्रेन या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात 49 चाचण्या घेतल्या होत्या, 3,639 रुग्ण. जवळपास सगळीकडे औषधी गुणकारी. आढावा घेणाऱ्यांनी मात्र त्यातल्या एकाही मिश्रणाची शिफारस केली नाही, कारण चाचण्यांची रचनाच इतकी ढिसाळ होती की निकालावर विश्वास ठेवता येईना. नसांच्या वेदनेत खोट्या गोळीनेही पुष्कळांना बरं वाटतं, हे या क्षेत्रातलं मोठं संकट आहे. तुलनेला दुसरा गट नसेल तर कोणतंही चूर्ण उत्तीर्ण होतं.

हळदीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण तिच्याबद्दल आपण हळवे आहोत. जखम भरायला हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सी.एस.आय.आर.ने ते लढून 1997 मध्ये रद्द करवलं. गोव्यातल्या माशेलच्या या सुपुत्राचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण पेटंट रद्द झालं ते 'यात नवीन काही नाही, हे भारतात आधीपासून माहीत आहे' या मुद्द्यावर. हळदीने गुण येतो की नाही, हा खटला तिथे चाललाच नव्हता. लोकांच्या बोलण्यात हे दोन निकाल एकमेकांत मिसळून गेले आहेत. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम पोचतं. मिरीतल्या पायपरिनबरोबर दिलं तर त्याचं प्रमाण वीसपट वाढतं असं बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं, पण मुळात नगण्य असलेल्याची वीसपट किती? 2017 मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरचं सगळं साहित्य चाळून फार कडक शेरा मारला: शंभराहून अधिक चाचण्या, आणि नीट रचलेल्या चाचणीत निर्विवाद यश एकही नाही. वरची इराणी चाचणी त्यानंतरची. ती मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हायला हवी, एवढंच मी म्हणेन.

वनस्पतींपासून मधुमेहाला काहीच मिळालं नाही, असा सूर लागत असेल तर तो चुकीचा आहे. मावशी रोज दोनदा घेते ती मेटफॉर्मिनची गोळी एका रानटी झुडपाची नात आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस, युरोपातलं जांभळट फुलांचं झुडूप. त्यात गॅलेजिन नावाचं साखर उतरवणारं द्रव्य आहे. झुडूप विषारी, ते खाऊन मेंढ्या मरतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच घराण्यातला सौम्य रेणू शोधला, 1922 मध्ये डब्लिनला मेटफॉर्मिन बनलं, 1957 मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिलं, आणि अमेरिकेने मान्यता द्यायला 1994 उजाडलं. झुडपापासून गोळीपर्यंत इतकी वर्षं आणि एवढी चाळणी. लसणाची गोष्टही तशीच. लसणात ब-1 जीवनसत्त्व वेगळ्या, सहज शोषल्या जाणाऱ्या रूपात येतं हे जपानी संशोधकांना 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं. त्या धाग्यावरून पुढे जी संयुगं झाली त्यांच्यातलंच बेनफोटियामीन आज 'नसांच्या गोळ्या' म्हणून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कित्येक पाकिटांवर वाचायला मिळतं.

मेटफॉर्मिनचा एक उलटा वारही सांगायला हवा, कारण तो आपल्या घरांत फार होतो. वर्षानुवर्षं घेतल्यावर ते काहींच्या शरीरातलं ब-12 कमी करतं, आणि ब-12 कमी झालं की पायांना येतात मुंग्याच. त्यात माणूस शाकाहारी असेल तर मुळातच ब-12 तुटपुंजं. हा त्रास मधुमेहाचा समजून लोक चूर्णं घेत बसतात, आणि खरं तर एक रक्ततपासणी आणि स्वस्तातली इंजेक्शनं किंवा गोळ्या यांचं काम असतं. मावशीचं ब-12 त्या दिवशी पहिल्यांदा तपासलं गेलं. कमी निघालं.

आणि मिरची. नसांच्या या आजारात ज्या एका वनस्पतीच्या सत्त्वाला सर्वांत भक्कम मान्यता आहे, ती ही. पोर्तुगीजांनी गोव्यामार्गे आणलेली, आता आपल्या ठेच्याची मालकीण. तिच्यातलं कॅप्सेसिन नसांच्या टोकांवरच्या ज्या कुलपात बसतं, ते कुलूप डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधलं आणि 2021 च्या नोबेलचे ते मानकरी झाले. उष्णता कळण्याचं आणि तिखट लागण्याचं कुलूप एकच; म्हणून झणझणीत रस्सा जीभ 'भाजतो'. आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी पायावर अर्धा तास लावायची, हातमोजे घालून, दवाखान्यातच. तीन महिन्यांनी गरज पडली तर पुन्हा. मधुमेही पायाच्या वेदनेसाठी अमेरिकेने तिला जुलै 2020 मध्ये परवानगी दिली. गुण माफक आहे, पण आहे.

यातली गोम अशी की मिरची नसांचं रक्षण करत नाही. ती वेदनेच्या टोकांना इतकं पेटवते की ती काही महिने मागे सरतात, गप्प होतात. म्हणजे ज्या वनस्पतीने स्वतःला सिद्ध केलं, तीही वेदनाच थांबवते, नस वाचवत नाही. घरी मिरची वाटून पायाला लावायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर कृपा करून काढून टाका. बधिर पायावर भाजल्याची जखम, एवढंच पदरात पडेल.

औषधी वनस्पती 'निरुपद्रवी' असतात, हा समज करोनाच्या काळात मुंबईतच तपासला गेला. रोज गुळवेलीचा काढा पिणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी देशभरातल्या 13 केंद्रांतून 43 रुग्णांची नोंद आली. मला आक्षेपातलाच मुद्दा जास्त घाबरवतो. वेल ओळखण्यात चूक होऊ शकते हे मंत्रालयच सांगत असेल, तर मावशीने बंद डब्यातलं चूर्ण कसं ओळखायचं? दक्षिण आशियात बनलेली आणि अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात विकली जाणारी 70 आयुर्वेदिक उत्पादनं 2004 मध्ये तपासली, तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आर्सेनिक पोटात गेलं की काय होतं? पायांच्या तळव्यांची आग आणि मोज्यासारखी चढत जाणारी बधिरता.

2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका मधुमेही शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, आणि आयुर्विज्ञान परिषदेला समिती नेमून सांगावं लागलं की दुधी कडू लागला तर टाकून द्या. आपल्या आज्या दुधी चिरताना एक चकती चाखून बघत, ते काही उगाच नव्हतं.

मग नसा वाचतात कशाने? उत्तर कंटाळवाणं आहे. टाइप-1 मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवरच्या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने 1993 मध्ये दाखवलं की साखर काटेकोर ठेवली तर नसांचा आजार होण्याचं प्रमाण 60 टक्क्यांनी घटतं. मावशीसारख्या टाइप-2 वाल्यांना फायदा त्या मानाने कमी मिळतो, कारण त्यांच्यात वजन, रक्तदाब, चरबी आणि तंबाखूही आपापला वाटा उचलत असतात. पण नस संपायच्या आधी जे काही करता येतं ते हेच. मेथी खा, आवळा खा, कारल्याची भाजी खा. अन्न म्हणून उत्तम आहेत. डॉक्टरांना सांगून खा, कारण साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर अशा अर्कांची भर पडली तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. आणि त्या भरवशावर गोळी सोडू नका. मावशीने चूर्ण सुरू केल्यावर महिनाभराने सोडली होती, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिची जखम भरायला अकरा आठवडे लागले. अंगठा वाचला. चूर्ण बंद आहे, साखर सुधारली आहे, ब-12 घेते आहे. धाग्याच्या परीक्षेत डाव्या पायाला अजून तीनच गुण मिळतात.

आता तुम्हाला एक विनंती. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरात कढत पाणी निघेल. घरातल्या मधुमेही माणसाच्या पायावर ते पडण्याआधी तुम्ही कोपर बुडवून पाहा; त्यांचा पाय सांगेल त्यावर विसंबू नका. तेल तळव्याला लावा, बोटांच्या बेचक्यांत ठेवू नका. मग त्यांना पाटावर बसवा, तळवे उजेडाकडे वळवा आणि फोड, भेग, रंग बदललेला डाग आहे का ते नीट पाहा. शेवटी डोळे मिटायला सांगून प्रत्येक बोटाला आपलं बोट हलकेच टेकवा, आणि ते 'हो' म्हणतात का ते ऐका.